एका बिल्ल्याची जोडी

माणसाने चिडावं तरी किती, याला म्हणे काही मर्यादा असते. ती ज्याने ठरवली त्याने पासष्ट सालच्या सप्टेंबरात जबलपूरला येऊन नीलकंठ टेंभेला एकदा बघायला हवं होतं. गुरुवारी सकाळचा भोंगा होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती, आणि हा पन्नाशी उलटलेला माणूस नऊ नंबर शेडच्या बाहेर एका गाडीच्या पुढच्या चाकामागे उकिडवा बसून, अंगठ्याच्या नखाने ओला हिरवा रंग खरवडत होता. रंगाखालून आकडे निघाले. तीन, एक, सात.

तीनशे सतरा हा त्याचाच नंबर. आणि त्या गाडीवर तो त्याने ठोकलेला नव्हता. ठोकणार नाही, हे त्याने सोमवारी सगळ्या शेडसमोर मोठ्या आवाजात सांगितलं होतं. तो उठून दुसऱ्या गाडीकडे गेला, मग तिसऱ्या. रांगेत बारा गाड्या उभ्या होत्या आणि बाराही गाड्यांवर तीनशे सतरा होता, नीट, सरळ ओळीत ठोकलेला.

आता हा नंबर म्हणजे काय, ते कारखान्याबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. शेडमध्ये लढाईतल्या जुन्या गाड्या दुरुस्तीला येत, चारही चाकांना जोर असलेल्या, दगडधोंड्यांतून नि ओढ्यानाल्यांतून जाणाऱ्या. मागच्या महायुद्धातून उरलेल्या त्या गाड्या वीस वर्षं राबून राबून खिळखिळ्या झालेल्या. ज्या कामगाराने गाडीची चासी, म्हणजे खालची लोखंडी चौकट दुरुस्त केली, त्याने पोलादी पंचाने आपला नंबर तिच्यावर ठोकायचा. नंबर असल्याशिवाय फाटकावरचा बाबू गाडी बाहेर सोडत नसे. पुढे कुठे काही मोडलं, तर नंबर बघून माणूस शोधता येई. नीलकंठने तेवीस वर्षांत हजारांवर चासींवर आपला नंबर ठोकला होता आणि त्यातली एकही त्याचं नाव घेऊन परत आली नव्हती. दुसरं काय होतं त्याच्यापाशी? दीक्षितपुऱ्यात दोन खोल्या, एक सायकल आणि हा नंबर.

तो तसाच टूलरूमच्या खिडकीशी गेला. आत रत्नाकरजी बसलेले, अठरा वर्षं त्याच स्टुलावर. टूलरूमची रीत अशी की ज्याला हत्यार हवं त्याने आपला पितळेचा बिल्ला द्यायचा. बिल्ला खिळ्याला लटकतो, हत्यार माणसाकडे जातं. नंबरचे पंचसुद्धा तिथेच, कुलपात. नीलकंठने विचारलं, माझा पंच कुणाला दिला? रत्नाकरजींनी चष्मा वर केला आणि अगदी निष्पाप चेहऱ्याने सांगितलं, काल दुपारी श्रीपादजी येऊन घेऊन गेले, तासाभराने परतही करून गेले.

"माझा बिल्ला नसताना?"

"बिल्ला खिळ्यालाच होता ना भैया. परवापासून तुमचा रीमर बाहेर आहे. म्हटलं, तुमची जोडी. त्या बिल्ल्यावर ते नेहमीच नेतात."

नीलकंठच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण रत्नाकरजींना काय बोलणार? ते खोटं काय बोलले? श्रीपाद लघाटे आणि नीलकंठ टेंभे यांनी तेरा वर्षं एका बिल्ल्यावर काम केलं होतं. रिवेट मारायला दोन माणसं लागतात. लाल तापलेला रिवेट भोकात घातला की एकाने मागून लोखंडाचा जड ठोकळा दाबून धरायचा, त्याला डॉली म्हणतात, आणि दुसऱ्याने पुढून हातोडा हाणायचा. डॉली धरणाऱ्याचा हात जरा जरी सैल पडला, तरी रिवेट ढिला बसतो, आणि वरून बघून ते कुणाला कळत नाही. म्हणून जोडीत दोघांचा एकमेकांवर पूर्ण विश्वास लागतो, आणि म्हणूनच अख्ख्या जोडीला एकच बिल्ला चाले. नीलकंठ हातोडा मारी, श्रीपाद डॉली धरी. कमानिया गेटपाशी रविवारी दोघं मिळून खव्याची जिलेबी खात. श्रीपादच्या लग्नात सुहासिनीवहिनींच्या माहेरच्यांशी मानपानावरून वाजलं, तेव्हा मध्ये पडून मिटवलं ते नीलकंठने. सहा वर्षांपूर्वी श्रीपाद चार्जमन, म्हणजे शेडमधल्या कामगारांवरचा मुकादम झाला, पांढरा शर्ट घालू लागला, खिशाला पेन आलं. तरी अधूनमधून तो नीलकंठच्याच बिल्ल्यावर एखादं हत्यार नेई आणि नीलकंठ मनातून सुखावे. चार्जमन झाला तरी आपल्याला विसरला नाही, असं तो बायकोला कौतुकाने सांगे. यात चूक त्याचीही होती, हे कबूल करायला हवं. बिल्ला वेगळा काढायला हवा होता, तो त्याने मैत्रीच्या भरात राहू दिला.

या सगळ्याची सुरुवात आधीच्या शुक्रवारी झाली. वरून हुकूम आला, बारा गाड्या गुरुवारी रवाना करायच्या. लढाई लागलेली, रेडिओला माणसं चिकटलेली, घाई असणार हे कुणालाही समजत होतं. बारा गाड्यांचं दुखणंही एकच होतं. चासी लचकत होत्या. एक चाक दगडावर चढलं की सगळी चौकट पिळवटायची, दार चौकटीत अडकून बसायचं, रिवेटची भोकं लांबट झालेली, त्यांतून करकर आवाज यायचा. नीलकंठला यावर औषध ठाऊक होतं. ढिले रिवेट काढायचे, भोकं रीमरने पुन्हा गोल करायची, एक माप मोठा रिवेट लाल तापवून बसवायचा. ड्रायव्हरच्या मागे एक आडवा पट्टा वाढवायचा. बाजूच्या तुळईला आतून प्लेट लावायची ती उभ्या अंगाला, टोकं तिरकी कापून, आणि वरच्या-खालच्या काठांना वेल्डिंगचा विस्तव लागू द्यायचा नाही. लचक कमी करायची, पण पार मारून टाकायची नाही; थोडी हलली पाहिजे, नाहीतर ती कुठेतरी एका जागी फुटते. एका जोडीला एका गाडीचे दोन दिवस. शेडमध्ये जोड्या तीन.

श्रीपादने हिशेब केला आणि म्हणाला, आठ दिवस लागतील, आठ दिवस नाहीत. मग त्याने काय केलं? वेल्डर लावले. जाड पट्ट्या आणल्या आणि चासीच्या वरच्या-खालच्या काठांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चिकटवून टाकल्या, टोकं सरळ चौकोनी. एका पाळीत दोन गाड्या. नीलकंठ ओरडून ओरडून सांगत होता की बाबा, हे करू नको, आणि श्रीपाद त्याच्या खांद्यावर हात ठेवून, साहेब लोक ठेवतात तसा, म्हणत होता की नीळू, दिवस कोणते आहेत बघ जरा.

सोमवारी पहिल्या दोन गाड्या मदन महालच्या खडकांवर चालवून आणल्या. काळे मोठाले दगड, त्यांवरून चढउतार. परत आल्यावर श्रीपादने सगळ्यांसमोर एक चाक रेल्वेच्या रुळाखालच्या लाकडी स्लीपरवर चढवायला लावलं आणि गाडीचं दार एका बोटाने उघडलं, एका बोटाने लावलं. अजिबात अडकलं नाही. माणसांनी टाळ्या वाजवल्या. नीलकंठने टाळी वाजवली नाही. त्याने घासलेटचा बोळा घेतला, पट्टी जिथे संपते तिथला भाग पुसला, कोरडा केला, वर खडूची पूड चोळली आणि विडी पेटवून शेडच्या पायरीवर जाऊन बसला. विडी संपवून आला तेव्हा पांढऱ्या पुडीवर केसाएवढी काळी रेघ उठली होती. आत मुरलेलं घासलेट बाहेर येत होतं. म्हणजे लोखंड चिरलं होतं. दुसऱ्या गाडीवरही तेच, त्याच जागी. सहा मैलांत.

श्रीपादने ती रेघ पाहिली. त्याने खाली वाकून, डोळे बारीक करून पाहिली, हे नीलकंठ शपथेवर सांगू शकत होता. तेरा वर्षं डॉली धरलेला माणूस, त्याला काय कळत नव्हतं? तो उठला, हात झटकले आणि पेंटरला सांगितलं की रंग मार. त्यावर नीलकंठने शेडभर ऐकू जाईल असं सांगितलं की याच्यावर माझा नंबर पडणार नाही. बाकीच्या दोन जोड्यांनी माना खाली घातल्या आणि त्यांनीही पंच उचलला नाही, पण तोंडातून ब्रही काढला नाही.

संध्याकाळी घरी बायकोने, अनसूयाबाईंनी, सगळं ऐकून घेतलं. त्या फार बोलणाऱ्या नव्हत्या. डाळ निवडता निवडता त्यांनी विचारलं, "नंबर नाही ठोकला म्हणजे तुम्ही सुटलात. पण गाडी तर जाणारच ना?"

तो आपल्या नंबराचा विचार करत होता, आणि बाई गाडीत बसणाऱ्याचा. कुठल्या तरी घाटात, मागे आठ-दहा पोरं आणि सामान, आणि चासी पट्टीच्या टोकाशी काडकन जाणार. मंगळवारी तो स्वच्छ कपडे घालून मोठ्या साहेबांना भेटायला गेला. पट्टेवाल्याने दारातच अडवलं. चार्जमनची चिठ्ठी आणा. चार्जमन कोण? श्रीपाद. याला म्हणतात कारभार! चोराची तक्रार करायची तर आधी चोराचीच परवानगी आणायची.

आणि बुधवारी सकाळी श्रीपादनेच त्याला सिहोऱ्याला धाडलं. तिथे ताफ्यातली एक गाडी बंद पडली आहे, चासीचं काही असेल, तूच बघू शकतोस, असं गोड बोलून. नीलकंठ बसने गेला, धूळ खात. गाडीचा पंख्याचा पट्टा ढिला झाला होता. तो ड्रायव्हरने पान्याने पाच मिनिटांत आवळला असता. आवळलाही होता, आणि गाडी केव्हाच निघून गेली होती. परतीच्या बससाठी नीलकंठ बाजारात धान्याच्या पोत्यांवर तीन तास बसून राहिला. तेव्हा त्याला वाटलं होतं, कुणाच्या तरी निरोपात घोळ झाला असेल. इतका तो साधा होता.

तर गुरुवारी सकाळी, टूलरूमच्या खिडकीशी, त्या तीन तासांचा अर्थ त्याला कळला.

रत्नाकरजी आता घाबरले होते. काही चुकलं का भैया, असं परत परत विचारू लागले. नीलकंठने विचारलं, श्रीपादचा जुना पंच अजून आहे का? चारशे दोन? तो वितळवायला द्यायचा असतो माणूस चार्जमन झाल्यावर, पण रत्नाकरजी कुठलीच वस्तू फेकणारे नव्हते. त्यांनी खालचा खण धुंडाळून तेलकट चिंधीत गुंडाळलेला पंच काढला.

"कुणाच्या बिल्ल्यावर लिहू?"

"माझ्याच. जोडी आहे ना आमची."

त्याने पंच खिशात टाकला, छिन्नी आणि हातोडा उचलला आणि रांगेतल्या पहिल्या गाडीपाशी जाऊन आपल्या नंबरावर छिन्नी ठेवली. पहिल्या घावाला तीन गेला. मग एक. सात जरा चिवट निघाला. आवाज ऐकून शेड बाहेर आली. दुसऱ्या गाडीचा नंबर खोडून होतो न होतो तो श्रीपाद धावत आला, पांढऱ्या शर्टावर टाय, कारण आज गाड्या निघताना मोठे साहेब येणार होते. आणि ते येऊन ठेपलेच होते. जीप थांबली, साहेब उतरले, आणि समोर बघतात तर एक कामगार सरकारी गाडीवर छिन्नी चालवतो आहे.

"यह क्या हो रहा है?"

श्रीपादने तोंड उघडायच्या आत नीलकंठने सांगायला सुरुवात केली. हिंदीत, मराठीत, जसं सुचेल तसं. हा नंबर माझा आहे, काम माझं नाही. काल मला सिहोऱ्याला पाठवून मागे हा ठोकला गेला. साहेब लाल झाले. लढाईच्या दिवसांत नंबर खोडणं म्हणजे काय याची कल्पना आहे का, नोकरी जाऊ शकते, आत जाऊ शकतोस, असं बरंच काही ते बोलले. नीलकंठ ऐकत होता आणि हाताने काम करत होता. मदन महालला जाऊन आलेल्या गाडीच्या पट्टीच्या टोकाचा ओला रंग त्याने घासलेटच्या बोळ्याने पुसून काढला, लोखंड कोरडं केलं, खडू चोळला आणि ड्रायव्हरला म्हणाला, चढव गाडी स्लीपरवर. ड्रायव्हरने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी रागारागातच मान हलवली.

चाक स्लीपरवर चढलं. सगळे वाकून बघू लागले. थोडा वेळ काहीच दिसलं नाही आणि श्रीपादच्या चेहऱ्यावर रंग परत आला. मग पांढऱ्या पुडीवर रेघ उमटली, आधी फिकट, मग काळी, चांगली दोन बोटं लांब. साहेब गुडघे टेकून जवळ गेले. त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं आणि श्रीपादकडे बघितलं.

श्रीपाद म्हणाला, साहब, ये रंग की लकीर है, खरवडल्याने पडली आहे, चासी पक्की आहे.

आता काय म्हणावं या माणसाला? नीलकंठला रडू येईल असं वाटलं, इतका त्याला संताप आला. मार खाल्ला असता तरी एवढं लागलं नसतं. त्याने खिशातून तेलकट चिंधी काढली, उलगडली आणि चारशे दोनचा पंच श्रीपादच्या हातावर ठेवला. दुसऱ्या हातात हातोडा दिला.

"पक्की आहे ना? मग हा तुझा नंबर. ठोक. बारा गाड्यांवर ठोक, मी एक शब्द बोलणार नाही."

"नीळू, काहून असं करून राहिलास? लोकांसमोर—"

"माझा ठोकताना तुझा हात नाही थरथरला. तुझा ठोक."

श्रीपादने इकडेतिकडे पाहिलं. साहेब उभे होते, फाटकावरचा बाबू वही घेऊन उभा होता, शेडमधली ऐंशी माणसं उभी होती. नाही म्हणायची सोय नव्हती. तो खाली बसला. खोडलेल्या नंबराच्या शेजारी त्याने पंच टेकवला, हातोडा उचलला. सहा वर्षांत हातोडा धरला नव्हता, तरी पकड बरोबर होती. नीलकंठच्या ते लक्षात आलं आणि त्याचा आणखीच जीव जळला. हातोडा वर गेला आणि वरच राहिला. श्रीपादची नजर त्या काळ्या रेघेवर होती. मग त्याने हातोडा हळूच जमिनीवर ठेवला, पंच त्याच्या शेजारी ठेवला आणि तसाच बसून राहिला.

साहेबांना आणखी पुरावा लागला नाही. त्यांनी नीलकंठला विचारलं, "कितने दिन?"

"आठ दिन, साहब. पहले ये सब पट्टी निकालनी पड़ेगी."

साहेबांनी दिले आठ दिवस. वर काय कळवलं असेल ते त्यांना ठाऊक. पण सरकारी न्याय कसा असतो तेही ऐका. दुपारी दोन कागद निघाले. श्रीपादला ताकीद, घाईत झालेल्या कामाबद्दल. नीलकंठलाही ताकीद, परवानगीशिवाय नंबर खोडल्याबद्दल, आणि ती अधिक कडक शब्दांत, कारण छिन्नी सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. त्याने कागद वाचला, घडी घातली, डब्यात भाकरीखाली ठेवला. अनसूयाबाईंना दाखवायला हवा होता.

पट्ट्या कापायला संध्याकाळपर्यंत वेळ गेला. शुक्रवारी सकाळी पहिल्या गाडीची भोकं गोल करून झाली, नीलकंठने रीमर नि पंच परत करून आपला बिल्ला सोडवून पट्ट्याला अडकवला, भट्टी पेटली, रिवेट तापायला टाकले. अडचण एकच होती. गेली सहा वर्षं नीलकंठची डॉली बापू धरी, आणि बापू तापाने पडला होता. बाकीच्या जोड्या आपापल्या गाडीवर. नीलकंठ हातोडा घेऊन उभा होता आणि चासीच्या पलीकडे कुणी नव्हतं.

श्रीपाद आला. टाय नव्हता, पांढरा शर्ट नव्हता, जुना खाकी डगला घातला होता, तो पोटावर बसत नव्हता. तो चासीच्या पलीकडे गेला आणि डॉलीसाठी इकडेतिकडे बघू लागला. डॉली जागेवर नव्हती, ती टूलरूममध्ये होती. शेडमधल्या माणसांचे हात थांबले. सगळ्यांना वाटलं, आता नीलकंठ याला हाकलून देईल, किंवा गळ्यात पडेल.

नीलकंठने चिमट्याने रिवेट फिरवला, नीट लाल झाला नव्हता.

"बारा चासी व्हायच्या आहेत," तो म्हणाला. "डॉली घेऊन ये. हात तुझा चांगला आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही."

श्रीपादच्या चेहऱ्यावर एकदम हायसं वाटल्याचं दिसलं. तो वळला आणि सवयीने नीलकंठच्या पट्ट्याकडे हात पुढे केला, जिथे बिल्ला लटकत असे. तेरा वर्षं असाच हात पुढे करत आला होता.

नीलकंठने बिल्ल्यावर तळहात ठेवला.

"तुझ्या बिल्ल्यावर आण," तो म्हणाला, आणि भट्टीकडे वळला.

चार्जमनला बिल्ला नसतो. श्रीपादला टूलरूमच्या खिडकीशी उभं राहून, रत्नाकरजींकडून फॉर्म घेऊन, नवा बिल्ला मागावा लागला, कालपरवा भरती झालेल्या कामगारासारखा. अर्धा तास गेला त्यात. नीलकंठने तेवढा वेळ रिवेट भट्टीच्या कडेला ओढून ठेवले आणि वाट पाहिली.